हक्क मुलाचा, सोय शाळेपुरती

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. २,९२० मेगावॉटचं हे केंद्र महानिर्मितीचं सर्वांत मोठं. वसाहतीच्या एका अंगाला शहराचा तुकूम भाग, दुसऱ्या अंगाला दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी आणि त्यांच्या पलीकडे ताडोब्याचं जंगल. या टापूतल्या शाळा मात्र एका साच्याच्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, संस्थांच्या अनुदानित मराठी शाळा आहेत, केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळा आहेत आणि विदर्भात ज्यांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात त्या लहान-मोठ्या विनाअनुदानित शाळाही आहेत.

समजा, इथल्या एकाच गल्लीत दोन मुलांना कमी ऐकू येतं. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं, दुसरं कॉन्व्हेंटात. पहिल्याच्या शाळेत वर्षातून एकदा आरोग्य पथक येतं आणि तपासणीत कानाचा दोष उघड होण्याची शक्यता असते. पुढे श्रवणयंत्राचं शिबिर, गट साधन केंद्रातला विशेष शिक्षक, प्रवास भत्ता अशी एक साखळी निदान कागदावर तरी त्याच्यासाठी उभी असते. दुसऱ्याच्या शाळेत या साखळीची पहिली कडीसुद्धा पोचत नाही. बाई म्हणतात, लक्ष देत नाही. आई-वडील ट्यूशन लावतात. दोन्ही मुलांना लागू असलेला कायदा मात्र एकच आहे.

खाजगी शाळेतल्या दिव्यांग मुलाला सरकारी विशेष शिक्षणाची सेवा मिळावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात धोरण म्हणून क्वचितच मांडला जातो. बहुतेक वेळा तो एखाद्या पालकाचा शाळेशी झालेला वाद म्हणून पुढे येतो आणि दाखला काढून घेण्यावर संपतो. म्हणून कायदा काय देतो, योजना कुठे थांबतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत नेमकं काय करता येईल, हे एकत्र पाहायला हवं.

‘खाजगी’ म्हणजे कोणती शाळा?

घोळ इथूनच सुरू होतो. आपण सहज खाजगी म्हणतो त्यात निदान तीन वेगळ्या शाळा येतात. पहिली अनुदानित: व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारचा. विदर्भातली बहुतेक जुनी हायस्कुलं आणि गडचिरोलीतल्या अनेक आश्रमशाळा याच प्रकारच्या. दुसरी अंशतः अनुदानित, वर्षानुवर्षं अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहणारी. तिसरी पूर्ण विनाअनुदानित. तिच्यात २०१२च्या कायद्यानं आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळाही मोडतात.

अनुदानित शाळेतलं दिव्यांग मूल समग्र शिक्षा योजनेत बसतं. विनाअनुदानित शाळेतलं बसत नाही. दोन्ही शाळा संस्थेच्या, दोन्हींना मान्यता सरकारची आणि दोन्हींची माहिती दरवर्षी ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात भरली जाते. त्या माहितीत विद्यार्थ्याला दिव्यांगत्व आहे का आणि असल्यास कोणतं, याचाही रकाना असतो. म्हणजे विनाअनुदानित शाळेतल्या दिव्यांग मुलाची नोंद सरकार मागतं. पण त्या नोंदीवरून पुढे काही हलत नाही.

कायद्यात भेदभाव नाही

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यानं अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली होती. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, स्नायूंचे आजार आले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा असा सिकलसेलही आला.

या कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की सरकारचं अर्थसाहाय्य असलेल्या किंवा सरकारनं मान्यता दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांनी समावेशक शिक्षण द्यावं. यातलं ‘किंवा’ महत्त्वाचं आहे. अनुदान घेत नसलेली शाळासुद्धा मान्यतेच्या जोरावर चालते, त्यामुळे तीही या कलमात येते. सतरावं कलम सरकारची कामं मोजून सांगतं: दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण, शिक्षकांचं प्रशिक्षण, साधन केंद्रं, परीक्षेत सवलती आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक साधनं मोफत. हे विद्यार्थी फक्त सरकारी शाळेतले असावेत, अशी अट कलमात नाही. एकतिसावं कलम सहा ते अठरा वयाच्या अशा मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. शेजारची शाळा विनाअनुदानित असेल तर फी कोणी भरायची, हे मात्र तिथे सांगितलेलं नाही.

म्हणजे कायद्यात हक्क मुलाला चिकटलेला आहे. योजनांमध्ये तो शाळेच्या व्यवस्थापनाला चिकटतो. मधली फट इथेच पडते.

साखळी कुठे तुटते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर लवकर ओळखायचे, हा त्याचा हेतू. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा या पथकाची गाडी येते. मुलांना ओळीत उभं करतात, वजन-उंची घेतात, भिंतीवर दृष्टितक्ता लावून एकेक डोळा झाकायला सांगतात, कान-दात-छाती पाहतात आणि संशय वाटला तर पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतात. काम घाईचं असतं, एका दिवसात अख्खी शाळा उरकायची असते. तरीही गावाकडच्या कित्येक मुलांचा डोळा किंवा कान आयुष्यात पहिल्यांदा कोणी तपासतं ते याच रांगेत.

हा कार्यक्रम अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांसाठी आखलेला आहे. जे मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीऐवजी नर्सरीत गेलं आणि पुढे केजी-वन, केजी-टू करत कॉन्व्हेंटातच राहिलं, त्याच्या वाट्याला ही रांग कधीच येत नाही. सुस्थितीतल्या घरात बालरोगतज्ज्ञ हे काम करतो. पण ऊर्जानगर-दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कॉन्व्हेंटात मूल घालणारा बाप सुस्थितीतलाच असेल असं नाही. वीज केंद्रातला किंवा खाणीतला कंत्राटी कामगारसुद्धा पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेत घालतो. कायम कर्मचाऱ्याला कंपनीच्या वैद्यकीय सवलती असतात. कंत्राटदाराच्या हजेरीवरच्या माणसाच्या मुलाला भाषोपचार कुठे आणि कितीत मिळणार?

दुसरी कडी समग्र शिक्षेची. २०१८-१९मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून ही योजना झाली. तिच्या समावेशित शिक्षण विभागात प्रत्येक दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातून मूल्यमापन शिबिरं, साधनं, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतली पुस्तकं, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता अशा गोष्टी होतात. दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता मिळतो. गंभीर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवण्याची सोय आहे. रक्कम थोडी आहे, वेळेवर येत नाही, शिबिरात मोजमाप घेतलेलं साधन हाती पडेपर्यंत मूल वाढलेलं असतं, या तक्रारी खऱ्याच. पण हे सगळं सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे.

या साखळीत खरी किमतीची गोष्ट पैसा नाही, विशेष शिक्षक आहे. चांगला विशेष शिक्षक शाळेत आला की तो मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन वेगळा धडा शिकवत बसत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाकडून दप्तराची चेन लावून घेणं, दहाच्या नोटेतून सुटे पैसे परत मागायला शिकवणं, कमी दिसणाऱ्याला खिडकीकडून कोणत्या बाजूला बसवायचं हे वर्गशिक्षकाला दाखवणं, श्रवणयंत्राची बॅटरी तपासणं, आईला घरी काय करायचं ते सांगणं, अशी ती बारीक कामं असतात. यातली अर्धी कामं वर्गशिक्षकाला शिकवता येतात. कॉन्व्हेंटातल्या, बहुधा तुटपुंज्या पगारावरच्या शिक्षिकेला ती शिकवायला कोणी येत नाही. दोष तिला देऊन उपयोग नाही.

२५ टक्क्यांचा दरवाजा

विनाअनुदानित शाळेत सरकारी पैशानं मूल जाण्याचा एक अधिकृत मार्ग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमानुसार विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित घटकात आली. महाराष्ट्रात त्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. चाळीस टक्क्यांच्या पुढचं प्रमाणपत्र पुरतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे बंधन लागू नाही, आणि चंद्रपूरसारख्या शहरात मिशनच्या शाळांना असलेला मान पाहता ही सूट लहान नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हे प्रवेश देण्यातून मोकळीक दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. दरवाजा उघडा राहिला, ही जमेची बाजू.

पण दिव्यांग मुलासाठी हा दरवाजा अरुंद का आहे, ते पाहायला हवं. प्रवेश फक्त पहिली किंवा त्याआधीच्या वर्गात मिळतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मात्र २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षापासून दिलं जातं. अक्षरं उलटी दिसणारं, पाढ्यात अडकणारं मूल कोणतं हे तिसरीत कळतं, तोवर २५ टक्क्यांची मुदत उलटून गेलेली असते. म्हणजे एकवीस प्रकारांपैकी शाळेत सर्वांत जास्त जाणवणारा प्रकार या वाटेनं आत येऊच शकत नाही.

दुसरी अडचण पैशाची. राज्य सरकार एका मुलामागे शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत परतावा देतं, तोही थकत-थकत. हा दर सर्वसाधारण मुलाच्या खर्चावर बेतलेला आहे. दिव्यांग मुलाला लागणारा विशेष शिक्षक, उतारावरचा कठडा, मोठ्या अक्षरांतला छापील पेपर यांचा खर्च त्यात धरलेला नाही. परिणामी शाळा मुलाला प्रवेश देते आणि नंतर आईला सांगते, ‘तुम्ही वर्गात बसा’ किंवा ‘शॅडो टीचर तुम्ही आणा’. मोफत शिक्षणाच्या हक्कावर आलेल्या मुलाच्या घरावर महिन्याचा एक पगार येऊन पडतो. शाळेनं असं सांगणं कायद्याला धरून नाही. पण शाळेनं काय करावं, हे सांगणारी आणि त्याला हातभार लावणारी यंत्रणाही कोणी उभी केलेली नाही.

सिकलसेलचं मूल

या जिल्ह्यांत विशेष शिक्षणाची चर्चा रॅम्प आणि ब्रेलवर थांबवून चालत नाही. सिकलसेल हा पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. तपासण्या वाढल्या, कार्डं वाटली गेली. शाळेनं काय करायचं, याची चर्चा मागेच राहिली.

या मुलाचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही. त्याला वेगळा शिक्षक नको असतो. वर्गात केव्हाही पाणी पिण्याची मोकळीक हवी असते. चंद्रपूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर नक्कीच. कवायतीत जबरदस्ती नको. वेदनेच्या झटक्यानं आठ-दहा दिवस बुडाले तर हजेरीवरून परीक्षेला अडवू नये, बुडालेला अभ्यास कोणी तरी भरून द्यावा आणि वारंवार आजारी पडतो म्हणून दाखला हाती देऊ नये. यात खर्च जवळजवळ शून्य आहे, लागते ती माहिती. सरकारी आश्रमशाळेत ती माहिती आरोग्य पथकामार्फत निदान पोचू तरी शकते. विनाअनुदानित शाळेत ती पोचवणं ही कोणाचीच जबाबदारी नाही.

आनंदवनापासून हेमलकशापर्यंत

एक आक्षेप हमखास घेतला जातो: सरकारी पैसा खाजगी शाळेत का ओतायचा? महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर हा आक्षेप उलटाच वाटतो. इथलं विशेष शिक्षण सुरूच खाजगी संस्थांनी केलं. मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा १८८५ साली निघाली. १९७२मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम उभं केलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवनात पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. कित्येक वर्षं या भागातल्या अंध मुलाचं शिक्षण म्हणजे आनंदवन, असंच समीकरण होतं. सरकार मागाहून अनुदान घेऊन आलं. राज्यातल्या बहुसंख्य विशेष शाळा आजही संस्थांच्याच आहेत.

या परंपरेचं ऋण मान्य करूनही तिची मर्यादा दिसते. विशेष शाळा निवासी असते, दूर असते आणि ठरावीक दिव्यांगत्वापुरती असते. सिरोंच्याचं मूल वरोऱ्याला ठेवायचं म्हणजे सुटीशिवाय आई-बाप भेटणार नाहीत. स्वमग्न किंवा अध्ययन अक्षम मुलाला तर निवासी शाळेची गरजच नसते. त्याला शेजारची शाळाच हवी असते.

गडचिरोलीचं चित्र आणखी वेगळं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या टोकांकडून जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि मुक्काम. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. इथे ‘खाजगी शाळा’ म्हणजे कॉन्व्हेंट कमी आणि संस्थांच्या आश्रमशाळा जास्त. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पानं १९७६ साली शाळा सुरू केली, ती याच वाटेवरची. आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाकडे. गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी तीन प्रकल्प कार्यालयं. विशेष शिक्षक मात्र शालेय शिक्षण विभागाचे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या आणि प्रमाणपत्र आरोग्य विभागाचं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला हे स्वागतार्ह, पण सर्वसाधारण शाळेतलं दिव्यांग मूल अजूनही चार खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं आहे.

त्यात भाषेचा पेच. घरी माडिया किंवा गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी. वाचता येत नाही याचं कारण अध्ययन अक्षमता की अनोळखी भाषा, हे ओळखायला मुलाची भाषा जाणणारा माणूस लागतो. त्याच्याशिवाय केलेली चाचणी मुलावर चुकीचा शिक्का तरी मारते किंवा खरी अडचण झाकून टाकते.

न्यायालयं पुढे, शाळा मागे

विशेष शिक्षकांचा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी रेटला. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ साली मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही विशेष शिक्षक नेमण्याचे आदेश दिले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०१५मध्ये आपल्या सर्व संलग्न शाळांना तसंच सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१मध्ये सरकारला प्रमाण ठरवायला लावलं. त्यानंतर सप्टेंबर २०२२मध्ये केंद्रानं ते अधिसूचित केलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक. मार्च २०२५मध्ये न्यायालयानं राज्यांना पुन्हा बजावलं की पदं मंजूर करा आणि भरा.

महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२४मध्ये एक महत्त्वाचं पाऊल उचललं. राज्यातल्या ४,८६० केंद्रांसाठी प्रत्येकी एक, अशी विशेष शिक्षकांची पदं निर्माण झाली आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घ्यायचं ठरलं. दोन्ही जिल्ह्यांसाठी खरी संधी इथे आहे. केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा समूह. केंद्रप्रमुखाच्या नकाशावर कॉन्व्हेंटही असते. तिची यू-डायस माहिती याच यंत्रणेतून वर जाते. केंद्राच्या विशेष शिक्षकानं केंद्रातल्या मुलांकडे जायचं, एवढं ठरलं तर शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय याला महत्त्व उरणार नाही.

अमेरिकेनं हा प्रश्न बराच आधी सोडवायला घेतला. तिथल्या १९७५च्या कायद्यातून पुढे अशी पद्धत घडली की खाजगी शाळेतली दिव्यांग मुलं शोधण्याची जबाबदारीही स्थानिक सरकारी शाळा-मंडळाचीच, आणि केंद्रीय निधीतला प्रमाणशीर वाटा त्या मुलांवर खर्च करायचा. १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅथलिक शाळेतल्या कर्णबधिर विद्यार्थ्याला सरकारी खर्चानं सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यायला संविधानाची आडकाठी नाही, असा निर्णय दिला. पण तिथेही खाजगी शाळेतल्या मुलाला सरकारी शाळेइतकी पूर्ण सेवा मिळण्याचा वैयक्तिक हक्क नाही. मिळतो तो वाटा. आपल्याला तेवढंच उचलण्यासारखं आहे: शोध सगळ्यांचा, सेवा निदान वाट्यापुरती.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला: सरकारी शाळेतल्या मुलांनाच विशेष शिक्षक पुरत नाहीत, मग ते कॉन्व्हेंटात पाठवले तर गरिबाच्या ताटातलं काढून दिल्यासारखं होईल. हे खरं आहे, म्हणून क्रम ठरवावा लागेल. तपासणी आणि मूल्यमापन सर्व मुलांचं व्हावं, कारण त्यात भेद करायला आधारच नाही. शिकवण्याच्या सेवेत आधी सरकारी-अनुदानित शाळा, त्यांच्या बरोबरीनं २५ टक्क्यांतली मुलं, मग कमी फीच्या शाळा. भरमसाट फी घेणाऱ्या शाळांनी आपला विशेष शिक्षक स्वतः नेमावा. चार शाळांनी मिळून एक नेमला तरी चालेल.

दुसरा आक्षेप: सरकारी शिक्षक येऊ लागला की शाळा आपली जबाबदारी झटकतील. हा धोका आहेच. म्हणून सेवा देताना शाळेकडून लेखी हमी घ्यावी: प्रवेश नाकारणार नाही, दाखला काढायला लावणार नाही, एक शिक्षक या कामासाठी ठरवून देऊ आणि त्याला प्रशिक्षणाला पाठवू. मान्यतेच्या नूतनीकरणात हमी पाळली की नाही ते तपासावं. दिव्यांग व्यक्ती कायद्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. तो वापरायची इच्छा हवी.

पैसा नाही, ही सबब निदान चंद्रपुरात चालणार नाही. २०१५पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत आणि त्यांच्या निधीच्या प्राधान्यक्रमात आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांगांचं कल्याण ही कामं स्पष्ट नोंदलेली आहेत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या कामांमध्ये विशेष शिक्षणाचा नावानिशी उल्लेख आहे. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), महानिर्मिती, गडचांदूर-घुग्घुसचे सिमेंट आणि पोलाद उद्योग, बल्लारपूरचा कागद कारखाना, सुरजागडची लोहखाण असा उद्योगांचा पसारा ज्या भागात आहे, तिथे तालुक्याला एक भाषोपचारतज्ज्ञ, एक व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि त्यांना शाळाशाळांत नेणारी एक गाडी उभी करणं अवघड नाही. बसथांब्यांवर नाव रंगवण्यापेक्षा हा खर्च अधिक काळ टिकेल.

तोवर पालकांनी

धोरण बदलेपर्यंत मूल थांबत नाही. त्यामुळे कॉन्व्हेंटातल्या दिव्यांग मुलाच्या पालकांनी काही गोष्टी आजच कराव्यात. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढावं. शाळा कोणतीही असो, ते मिळतंच. शाळेनं यू-डायसमध्ये मुलाची नोंद दिव्यांग म्हणून केली आहे का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च भागतो. त्यात नियमित थेरपीही येते आणि शाळेच्या प्रकाराची अट नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी दहावीची वाट न पाहता खालच्या वर्गांपासूनच अर्ज द्यावा, म्हणजे मुलाला लेखनिकाबरोबर पेपर लिहायची सवय होते. सेवेची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करून पोच घ्यावी. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. महानिर्मितीच्या बदल्या कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ अशा फिरत राहतात. बदलीवर जाणाऱ्यांनी मुलाच्या मूल्यमापनाचे सगळे कागद दाखल्यासोबत मागून घ्यावेत. ते नसले की नव्या गावात सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

राज्य सरकारनं करायचं काम त्याहून सोपं आहे. बाल स्वास्थ्य पथकाच्या फेरीत मान्यताप्राप्त प्रत्येक शाळा घालावी, आणि ४,८६० विशेष शिक्षकांच्या कामाच्या आदेशात ‘केंद्रातील शाळा’ याऐवजी ‘केंद्रातील प्रत्येक दिव्यांग मूल’ असं लिहावं. पहिल्यासाठी गाडीचं वेळापत्रक बदलावं लागेल, दुसऱ्यासाठी एक शासन निर्णय पुरेल. कायदा २०१७ पासून लागू आहे. तो शाळेच्या फाटकावर अडवून ठेवण्याचं कारण आता उरलेलं नाही.